शिक्षकांची ओळख, तक्रारीच्या आधी

श्रोतेहो, नमस्कार. बहुतेक पालक मुलाच्या शिक्षकांना पहिल्यांदा भेटतात ते काहीतरी बिनसल्यावर: गुण घसरले, मारामारी झाली, वही हरवली. मग दोघेही आपापली बाजू सावरत बोलतात आणि मूल बाजूलाच राहतं. म्हणून पहिली भेट सत्र सुरू झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात घ्या. पहिल्या आठवड्यात शिक्षक अजून नावंच पाठ करत असतात.

भेट फाटकावर, शाळा भरताना नको. तेव्हा शिक्षकांचं एक लक्ष घंटेकडे असतं, दुसरं रांगेकडे. मुलाच्या डायरीत चार ओळी लिहा: मुलाचं पूर्ण नाव, इयत्ता, तुकडी, भेटीचं कारण आणि तुम्हाला जमणाऱ्या दोन वेळा. पूर्ण नाव हवंच. विषयशिक्षक पाच तुकड्यांना शिकवत असतील आणि तुकडीत चाळीस मुलं असतील, तर त्यांच्यासमोर दोनशे चेहरे असतात. ‘मी आर्यनची आई’ एवढ्यानं काही कळत नाही.

पालकसभेचा हिशेबही असाच. चाळीस पालकांना पाच-पाच मिनिटं दिली तरी तीन तास वीस मिनिटं होतात. तिथे ओळख होत नाही, फक्त हजेरी लागते.

दहा मिनिटं मिळाली तर आधी तुम्ही सांगा, मग विचारा. फळ्यावरचं दिसायला त्रास होतो का, एका कानानं कमी ऐकू येतं का, कोणतं औषध चालू आहे, घरी अभ्यासाला कोण बसतं, घरात नुकताच काही बदल झाला आहे का, हे शिक्षकांना आपोआप कळत नाही. डोळ्यांचा नंबर वाढलेलं मूल फळ्यावरचं चुकीचं उतरवतं आणि त्याच्या वहीवर ‘लक्ष नाही’ असा शेरा पडतो.

‘अभ्यास कसा आहे?’ हा प्रश्न मात्र टाळाच. त्याला ठरलेलं उत्तर आहे: ‘ठीक आहे, थोडं लक्ष द्या.’ त्याऐवजी वही उघडून समोर ठेवा आणि बोट ठेवून विचारा, ‘हातचा घेताना हा इथेच चुकतो, वर्गात तुम्ही कोणत्या पद्धतीनं शिकवता?’ घरची रीत वेगळी आणि शाळेची वेगळी, यातच कितीतरी मुलं अडकतात. मग विचारा: तो कुठे बसतो, मधल्या सुट्टीत कोणाबरोबर असतो, अडलं तर हात वर करतो की गप्प बसतो?

मुलासमोर त्याची उणीदुणी काढू नका, आणि एका बाईंकडे दुसऱ्या सरांबद्दल तर मुळीच बोलू नका. शिक्षकांच्या खोलीत ते संध्याकाळपर्यंत पोचलेलं असतं! भेटवस्तूही नको, शिक्षकांनाच अवघडल्यासारखं होतं.

मुलानं घरी काही गाऱ्हाणं सांगितलं, तर ‘तुम्ही असं का केलंत?’ नको. ‘घरी त्यानं असं सांगितलं, वर्गात नेमकं काय झालं?’ असं विचारा. समाधान झालं नाही तर वर्गशिक्षक, मग पर्यवेक्षक, मग मुख्याध्यापक, या क्रमानं जा. थेट मुख्याध्यापकांकडे गेलात, तर ते बहुधा वर्गशिक्षकांनाच बोलावतील आणि तोवर मनं कडू झालेली असतील. मुलाच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर मात्र क्रम पाहू नका, त्याच दिवशी मुख्याध्यापकांना गाठा.

भेटीत ठरलेलं डायरीत तारखेसह लिहून ठेवा, आणि महिन्याभरानं काय फरक पडला ते दोन ओळींत कळवा. फरक पडला नसेल तर तेही.