गडावरची पिवळी रेघ आणि पंपाचं सील

नाही, उभं राहूनच बोलतो, बसलो की मागच्या बाकापर्यंत आवाज जात नाही, आणि पत्र्यावर पाऊस बघा कसा वाजतोय.

तर विषय प्रकाशाने मोजमाप. पण आपल्या देवगड तालुक्यात हेलियम म्हटलं की आधी विजयदुर्गावरचे साहेबाचे ओटे आठवतात, म्हणून तिथूनच येतो. 18 ऑगस्ट 1868 चं खग्रास ग्रहण, सावली आपल्यावरून गेली, आणि लहानपणापासून ऐकत आलोय की लॉकियर साहेबाने, म्हणजे इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने, ओट्यावर दुर्बीण लावली नि हेलियम शोधला. आता मी इथलाच आहे, शिव्या घालू नका, पण लॉकियर तेव्हा इंग्लंडात होता. ग्रहण बघायला गुंटूरला आला होता तो फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जानसेन. लॉकियरने ऑक्टोबरात, ग्रहणबिहण नसताना, सूर्याच्या कडेचा प्रकाश रंगांत फोडून त्यात एक पिवळी रेघ पाहिली, सोडियमच्या रेघांच्या शेजारी पण त्यांच्यावर न बसणारी. तिची तरंगलांबी 587.6 नॅनोमीटर, आणि तीच हेलियमची रेघ. तो वायू जमिनीवर सापडला 1895 ला, रॅम्झे नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला. ओटे आहेत, ग्रहण इथून दिसलं, मला तेवढा अभिमान पुरतो.

गंमत अशी की माझी सगळी नोकरी त्याच पिवळ्या रेघेखाली गेली. पंपाची मेकॅनिकल सील तपासायची. सील म्हणजे मूळ दोन रिंगा, समजा एक कार्बनची, एक सिरॅमिकची, एक शाफ्टबरोबर फिरते, दुसरी जागेवर, आणि दोघींच्या मधून पाणी बाहेर पडता कामा नये. हाताला आरशासारखी लागणारी रिंगसुद्धा गळते. तिथे डायल गेज, म्हणजे काट्याचं मोजयंत्र, काय सांगणार! मग रिंग हेलियमच्या दिव्याखाली ठेवायची आणि वर ऑप्टिकल फ्लॅट, म्हणजे फ्यूज्ड सिलिकाची जाड चकती, जिची एक बाजू भयंकर सपाट घासलेली असते. जेटीवर साचलेल्या पाण्यावर डिझेल सांडलं की रंग फिरतात ना, तेच, फक्त इथे एकच रंग असल्यामुळे काळे-पिवळे पट्टे दिसतात. एका काळ्या पट्ट्यापासून पुढच्यापर्यंत मधली हवेची फट अर्ध्या तरंगलांबीने, म्हणजे 0.29 मायक्रॉनने बदलते, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. केस साधारण सत्तर मायक्रॉन धरा. पट्टे सरळ, सारख्या अंतरावर, तर रिंग सपाट, आणि धनुष्यासारखे वाकले तर किती वाकले ते पट्ट्यांतच मोजायचं, एक पट्टा, दोन पट्टे. आम्ही कंपनीत तसंच बोलायचो, "दोन पट्टे आहे, परत लॅपिंगला पाठव", म्हणजे परत सपाट घासायला.

नवीन होतो तेव्हा एका दुपारी मी चाळीसेक रिंगा रिजेक्ट केल्या. सगळ्या एकाच दिशेने वाकलेल्या. लॅपिंगवाला भडकला, आणि बरोबर भडकला, कारण मी त्या मशीनवरून काढल्या काढल्या गरम गरम, वर हातात धरून दिव्याखाली घेत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातल्या बहुतेक चांगल्या निघाल्या. म्हणजे दिवा खोटं बोलत नव्हता हो, रिंग त्या क्षणी खरंच वाकलेली होती, मला हवी होती ती थंड रिंग.

लेझरचंही तसंच आहे. लाल हेलियम-नियॉन लेझर, 632.8 नॅनोमीटर, आणि त्यात उजेड देतो नियॉन, हेलियम बिचारा फक्त ऊर्जा पोचवतो. किरण दोन भागात फोडायचा, एक जागच्या आरशावर, दुसरा मशीनच्या सरकत्या टेबलावरच्या प्रिझमवर, दोन्ही परत एकत्र आणायचे, टेबल 0.316 मायक्रॉन सरकलं की एक पट्टा जातो, मोजत बसायचं. किरण फोडून परत जोडायची ही युक्ती मायकलसन नावाच्या शास्त्रज्ञाची, 1881 ची, फक्त आता मोजायला इलेक्ट्रॉनिक्स आहे. हवा एक डिग्रीने तापली तर मीटरमागे एक मायक्रॉनच्या आसपास चूक होते, तेवढी दुरुस्ती यंत्र करतं. खरा घोळ लोखंडात. स्टीलचा मीटरभर दांडा एका डिग्रीला साडेअकरा मायक्रॉन वाढतो. मोजमापाचं ठरलेलं तापमान 20 डिग्री, आणि आपल्याकडे मे महिन्यात 33, म्हणजे दीडशे मायक्रॉन गेले की! फ्यूज्ड सिलिका तेवढ्यात सातच वाढते, म्हणून आरसे-चकत्या तिच्या.

दमट हवेने मोजमाप चुकतं का, असं मघाशी एकाने विचारलं. प्रकाशाच्या वेगावर दमटपणाचा परिणाम अगदी थोडा. पण बुरशी! जुलैत लेन्स कपाटात बंद करून ठेवा, गणपतीला काढा, काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे, आणि ते कोटिंग खातात. हवाबंद डबा नि सिलिका जेल, दुसरा इलाज नाही.

आणि ट्रॉलरवाल्यांचा प्रश्न, इंजिन आणि पंख्याचा शाफ्ट लेझरने एका ओळीत घेतात, त्याचा उपयोग आहे का. आहे. तिथे लेझर मोजपट्टी नसून दोरी आहे, सरळ किरण आणि समोर तो कुठे पडला ते सांगणारा सेन्सर. आमचे आजोबा होडीचे सुतार, "डोळो लबाड असता, दोरी धर" म्हणायचे, ती दोरी मधे झोल खायची, ही खात नाही. पण वर काढलेल्या बोटीवर सेटिंग करून बिल देणारा भेटला तर त्याला थांबवा. पाण्यात गेली की बोटीचा आकार बदलतो, लाकडी असेल तर जास्तच. आधी उतरवा, एक-दोन दिवस तरंगू द्या, डिझेलची टाकी नेहमीइतकी भरा, आणि मग त्याला लेझर घेऊन परत बोलवा.