प्राणी-पक्षी रेस्क्यू करणाऱ्यांनी थकायचं की नाही?

संक्रांत होऊन गेली तरी तुमच्यातले बरेच जण अजून सावरलेले नाहीत, चेहऱ्यावरून दिसतंय. नायलॉन मांजावर हरित लवादाने २०१७ सालीच देशभर बंदी घातलीय, तरी दर जानेवारीत घारी, घुबडं, बगळे झाडाला लटकलेले सापडतातच, आणि पंखाचं हाड-स्नायू कापलं गेलं असेल तर ही घार आता उडणार नाही हे तिला खोक्यात ठेवतानाच आपल्याला कळलेलं असतं. तेवढ्यात दुसरा फोन. रडायला वेळच नाही.

दुसऱ्याचं दुखणं सतत बघून, झेलून जो थकवा येतो त्याला कम्पॅशन फटीग म्हणतात, मुळात हे नर्सेसच्या बाबतीत १९९२ मध्ये अमेरिकेत लिहिलं गेलं. नुसतं अंग दमलं असेल तर झोपून उतरतं, हे उतरत नाही, कारण आत एक टोचणी असते की मी अर्धा तास आधी गेले असते तर वाचलं असतं. मग जेवताना फोन, अंघोळीला जाताना फोन, घरच्यांवर चिडचिड, आणि हळूहळू माणसांचाच राग यायला लागतो. काही जण उलट एकदम कोरडे होतात, मेलेलं पिल्लू बघून काहीच वाटत नाही, आणि काहीच वाटत नाही म्हणून पुन्हा अपराधी वाटतं. हे तुम्ही वाईट आहात म्हणून होत नाही हो.

आता थंडीतल्या पिल्लांचं बघा. पार्वो, म्हणजे कुत्र्याच्या पिल्लांना होणारा जीवघेणा संसर्ग, त्याचा विषाणू जागेत महिनोन् महिने टिकतो, म्हणून पार्वोची केस झालेल्या घरी आपण लस न झालेलं पिल्लू फॉस्टरला, म्हणजे तात्पुरतं सांभाळायला, देत नाही, कितीही नड असली तरी नाही म्हणजे नाही. पण ज्या मुलीच्या मांडीवर पार्वोचं पिल्लू गेलं तिला आपण दुसऱ्याच दिवशी विचारतो, चार पिल्लं आहेत, घेतेस का? घराला जेवढी विश्रांती देतो तेवढी तरी तिला द्या ना.

स्वतःची काळजी घ्या असं एकेकट्याला सांगून काही होत नाही असं माझं स्पष्ट मत आहे, ही सोय ग्रुपनेच करायला हवी. हेल्पलाइनचा नंबर कुणाचा खासगी नको, फोन पाळीपाळीने घ्यायचा, पाळी संपली की बंद. दयामरणाच्या वेळी दरवेळी तोच माणूस जनावर धरायला नको, आणि ते झाल्यावर त्याला एकट्याला गाडी चालवत घरी पाठवू नका, कुणीतरी सोबत बसा. ‘आज जमणार नाही’ म्हणणाऱ्याला ग्रुपवर टोमणे मारायचे नाहीत, हे ॲडमिननी बघायचं. आणि झोप उडाली, जगणंच नको वाटायला लागलं तर लगेच फोन करा, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.

चहाच्या आधी ॲडमिन मंडळींनी जरा पुढे या, फेब्रुवारीच्या पाळ्या आत्ताच लावून टाकू, आणि संक्रांतीला ज्यांनी पक्षी उतरवले त्यांची नावं पहिल्या पंधरवड्यात घालू नका.