एकादशीच्या ताटातली साखर

(दृश्य : आषाढी एकादशीची सकाळ. पुण्यातलं एक स्वयंपाकघर. रात्री भिजत घातलेला साबुदाणा, दाण्याचं कूट, जिऱ्याची फोडणी.)

निवेदन :

एकादशी अन् दुप्पट खाशी. ही म्हण ज्याने कुणी केली, त्याच्याकडे ग्लुकोमीटर नव्हता. पण आपली माणसं त्याने नीट पाहिली होती.

या घरातल्या काकूंना टाइप टू मधुमेह आहे. गोळ्या वेळेवर, चहा बिनसाखरेचा, लग्नाच्या पंगतीत जिलबीला हात नाही. तरी उपवासाच्या दिवशी शुगर चढते. त्यांचा प्रश्न सरळ आहे : उपाशी राहून साखर वाढते कशी?

आता त्यांचा उपास बघू. नऊ वाजता खिचडी. अकराला केळं. दुपारी बटाट्याचे वेफर्स आणि राजगिऱ्याचा लाडू. लाडू गुळाचा, म्हणून चालतो असं काकूंचं मत. रक्तात उतरल्यावर गूळ आणि साखर यांत फारसा फरक उरत नाही. रात्री वरीचे तांदूळ. यात उपाशी कोण राहिलं?

(दृश्य : वजनकाट्यावर कोरडा साबुदाणा.)

साबुदाणा टॅपिओकाच्या कंदापासून होतो. तमिळनाडूत सेलमच्या आसपास त्याचे कारखाने आहेत. कंद किसून, धुऊन त्यातलं पिष्ट वेगळं काढतात. चोथा आणि जी काही थोडीफार प्रथिनं असतील ती मागे राहतात. आपल्या कढईत येतं ते जवळजवळ निव्वळ पिष्ट. 75 ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात 65 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं, म्हणजे तीन पोळ्यांहून जास्त. तीन पोळ्या खाताना आपण मोजतो. खिचडी मात्र 'थोडी अजून घे' म्हणत ताटात पडत राहते.

दाण्याचं कूट आणि तूप यांमुळे साखर रक्तात जरा सावकाश उतरते, हे खरं. पण उतरते. म्हणून जेवणानंतर दोन तासांनी पाहिलेला आकडा बरा दिसला, तरी खिचडीच्या दिवशी तीन तासांनी पुन्हा एकदा पाहावा. दोन तास मोजायचे पहिल्या घासापासून, हात धुतल्यापासून नव्हे. बऱ्याच मधुमेहींसाठी जेवणानंतरची साखर 180 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या आत असावी असं धरतात. वय, इतर आजार पाहून डॉक्टर हा आकडा बदलतात.

(दृश्य : काकू बोटाला सुई टोचतात.)

टोचण्याआधी हात साबणाने धुवायचे आणि कोरडे करायचे. बोटाला केळ्याचा किंवा लाडवाचा अंश राहिला, तर यंत्र तीही साखर मोजतं आणि घरात उगाच घबराट होते.

(दृश्य : दोन माणसांच्या रेखाकृती, शेजारीशेजारी.)

काकू जाड नाहीत. मग त्यांना मधुमेह कसा? याचं एक उत्तर पुण्यातच शोधलं गेलं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांच्यासोबतचं स्वतःचंच उदाहरण मांडलं. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, अगदी एकच, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. काट्यावर सडपातळ दिसणारा भारतीय माणूस आतून तसा असेलच असं नाही. स्नायू कमी, पोटाभोवती चरबी जास्त. आणि जेवणानंतरची साखर मुख्यतः स्नायूच शोषून घेतात.

(दृश्य : दिवे घाट, वारकऱ्यांची रांग.)

म्हणूनच वारीतला फराळ आणि सोफ्यावरचा फराळ एका मापाने मोजता येत नाही. ज्येष्ठ वद्य एकादशीला, तिथीचा घोळ नसेल तर, ज्ञानोबांची पालखी पुण्याहून सासवडला निघते आणि वारकरी उपासाच्या दिवशी दिवे घाट चढतात. चालणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता साखर ओढून घेतो. घाट सगळ्यांना जमणार नाही. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चालणं बहुतेकांना जमतं, आणि त्याचा परिणाम मीटरवर दिसतो.

(दृश्य : नवीन ताट.)

उपास सोडा, असं काकूंना कुणी सांगणार नाही, सांगितलं तरी त्या ऐकणार नाहीत. ताट मात्र बदलता येतं. खिचडी हवीच असेल तर एक छोटी वाटी, आणि तिच्याआधी दह्यातली काकडीची कोशिंबीर. राजगिऱ्याच्या पिठाचं थालीपीठ साबुदाण्यापेक्षा केव्हाही बरं, कारण राजगिऱ्यात प्रथिनं भरपूर. वरीचे तांदूळ बेताचे, दाण्याची आमटी पळीभर जास्त. लाल भोपळ्याचं भरीत. रताळं किंवा बटाटा, दोन्ही एकाच वेळी नको.

एरवीच्या दिवशीही हाच हिशेब. 'ज्वारीची भाकरी शुगरला चालते' म्हणून तीन भाकऱ्या खाणारे घरोघरी आहेत. ज्वारी काय, गहू काय, 100 ग्रॅम पिठात 65 ते 70 ग्रॅम कर्बोदकं असतातच. भाकरी एक, उसळ वाटीभर, पालेभाजी हवी तेवढी.

(दृश्य : गोळ्यांची पाकिटं.)

आणि खरोखर काही न खाता उपास करणाऱ्यांचं काय? इथे धोका उलटा. ग्लिमेपिराइडसारखी, शरीराला जास्त इन्सुलिन सोडायला लावणारी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन पोट रिकामं ठेवलं, तर साखर 70 च्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, धडधड. अशा वेळी उपास मोडायचा. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. नुसत्या मेटफॉर्मिनवर असं क्वचितच होतं. डापाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांनी निर्जळी एकादशी करूच नये, कारण त्या गोळीने लघवीवाटे पाणी जास्त जातं आणि उपाशीपोटी रक्तात आम्ल साठण्याचाही धोका असतो.

कोणती गोळी त्या दिवशी अर्धी करायची, कोणती टाळायची, हे एकादशीच्या सकाळी शेजाऱ्यांना विचारायचं नसतं. आधीच्याच भेटीत डॉक्टरांना विचारायचं, आणि जाताना औषधांच्या चिठ्ठीसोबत आपल्या फराळाची खरी यादी न्यायची. वेफर्ससकट.