जायफळाची कॉफी आणि नाचणीची बिस्किटं

नमस्कार श्रोतेहो.

आज कॉफीबद्दल बोलायचंय. पुढे कागद-पेन लागणार आहे, तेव्हा ते आत्ताच जवळ घेऊन बसा.

आपण मराठी माणसं तशी चहाबाज. कॉफी आपल्या घरात यायची ती निमित्तानं. एकादशी आली, खास पाहुणे आले, नाहीतर रात्री गाण्याची बैठक लांबली की. आणि यायची तीही आपल्या थाटात! दुधात साखर आणि कॉफीची पूड घालून उकळायची, वर जायफळ किसायचं, एखादा वेलदोडा ठेचून टाकायचा. फिल्टर कॉफीवाली मंडळी या प्रकाराला नाकं मुरडतात. मुरडोत बापडी. मी दोन्ही आवडीनं पिते, आणि आजच्या बिस्किटांना हीच जायफळाची कॉफी उपयोगी पडणार आहे.

पण आधी जरा फिल्टरकडे वळू. वर एक भांडं, त्याच्या तळाला बारीक छिद्रं, खाली दुसरं भांडं. वरच्यात पूड घालून हलक्या हातानं दाबायची, उकळतं पाणी ओतायचं आणि झाकण ठेवून पंधरा-वीस मिनिटं तिकडे बघायचंसुद्धा नाही. खाली थेंबाथेंबानं जो दाट काढा उतरतो, ते डिकॉक्शन. त्यात कडकडीत दूध. बस्स.

पूड घेताना पाकिटावरची बारीक अक्षरं वाचत जा. त्यात चिकोरी किती टक्के आहे ते छापलेलं असतं. चिकोरी म्हणजे एका झाडाची मुळी, भाजून दळलेली. तिनं काढ्याला रंग आणि दाटपणा येतो. कॅफिन मात्र तिच्यात नसतं. ती भेसळ नव्हे, नियमानं तिला परवानगी आहे, फक्त मिश्रणात कॉफी किमान 51 टक्के हवी. आणि पूड थोडी-थोडीच आणा. कच्च्या बीला कॉफीचा म्हणून वास नसतोच, तो भाजल्यावर येतो आणि दळल्यावर भराभर उडायला लागतो. मुंबईत माटुंग्याला समोर दळून देणारी दुकानं आहेत. तिथून चालत गेलं तरी पिशवीत काही ना काही येतंच.

ही बी आपल्याकडे आली कुठून? बाबा बुदान नावाच्या सूफी संतांनी हजहून परतताना येमेनच्या मोखा बंदरातून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी सतराव्या शतकातली कथा सांगतात. सातच होत्या की सत्तर, देव जाणे. डोंगराला मात्र आजही त्यांचंच नाव आहे. मार्च-एप्रिलमध्ये वळवाची सर पडली की त्या भागातले मळे पांढऱ्या फुलांनी भरून जातात आणि जाईजुईसारखा वास सुटतो. इतक्या लांब कशाला, आपल्या विदर्भातही, अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याला, कॉफीची झाडं आहेत. तिकडे फिरायला गेलात तर आवर्जून बघा.

आता बिस्किटं. घ्या लिहून. कणीक दीड वाटी. नाचणीचं पीठ अर्धी वाटी. तूप पाऊण वाटी, गुळाची पावडरही पाऊण वाटी. इन्स्टंट कॉफी दोन चहाचे चमचे. बेकिंग पावडर अर्धा चमचा, चिमूटभर मीठ, पाव चमचा जायफळ पूड, दोन वेलदोड्यांची पूड आणि लागेल तसं दूध. पुन्हा सांगते: कणीक दीड, नाचणी अर्धी, तूप आणि गूळ पाऊण-पाऊण.

नाचणीचं पीठ कोरडंच मंद आचेवर भाजून पूर्ण गार करा, म्हणजे कच्चट चव जाते. नुसत्या नाचणीची बिस्किटं उचलतानाच भुगा होतात, म्हणून कणकेची जोड. तूप थिजलेलं, रवाळ हवं. पातळ केलेलं अजिबात नको, बिस्किटं पसरतात. तूप आणि गूळ हलकं होईपर्यंत फेसा. कॉफी दोन चमचे गरम दुधात विरघळवून, गार करून त्यात घाला. इथे फिल्टरची पूड चालत नाही, ती दाताखाली कचकचते. आणि डिकॉक्शन घातलं तर चवीपुरतं घालण्यातच पीठ सैल होतं. मग पिठं आणि बाकीचं सगळं मिसळून गोळा करा, पण पोळीच्या कणकेसारखं मळू नका. मळलं की खुसखुशीतपणा गेला. गोळा झाकून अर्धा तास फ्रिजमध्ये. मग लहान गोळ्या करून चपट्या करा.

ओव्हन आधी तापवून 160 अंशांवर पंधरा ते अठरा मिनिटं. ओव्हन नसेल तर कुकरच्या तळाला मीठ पसरा, वर स्टँड ठेवा, रिंग आणि शिट्टी काढून दहा मिनिटं तापवा, मग बिस्किटांची ताटली आत ठेवून मंद आचेवर साधारण पंचवीस मिनिटं.

खरी गोम पुढेच आहे. नानकटाई झाली की नाही हे रंगावरून कळतं. इथे पीठ मुळातच तपकिरी, त्यामुळे रंगाचा भरवसा नाही. एक बिस्किट उलटून बघा, तळ कोरडा आणि कडा घट्ट हव्यात. मधला भाग मऊ लागला तरी बाहेर काढा, गार होताना तो कडक होतो. खमंग वासाचं करपट वासात रूपांतर व्हायला फार वेळ लागत नाही, गूळ चटकन लागतो.

ही बिस्किटं पौष्टिक का? मैद्यापेक्षा बरी, नाचणीतून कॅल्शियम आणि तंतू मिळतात. पण तूप आणि गूळ आहेतच, तेव्हा डबा मांडीवर घेऊन बसू नये. मुलांना चालतील का, असं विचाराल; दोन चमचे कॉफी वीस-बावीस बिस्किटांत वाटली गेलीय, एखाद-दुसरं संध्याकाळी चारच्या सुमारास द्यायला हरकत नाही. झोपताना नको.

आणि गूळ पाऊण वाटीच, वाढवू नका. कडवटपणा थोडा जिभेवर राहायला हवा, नाहीतर कॉफी घातली कशाला? पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. पावसाळ्यात सादळली तर पाच मिनिटं पुन्हा गरम करून घ्या.

नमस्कार.