मोटारहोमची हाऊस बॅटरी बदलताना
(रत्नागिरीत झालेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)

मोटारहोममध्ये दोन वेगळ्या बॅटऱ्या असतात. एक गाडी स्टार्ट करते. दुसरीवर आतले दिवे, पंखे, फ्रीज, पाण्याचा पंप, मोबाइलचं चार्जिंग असं सगळं घर चालतं. ती हाऊस बॅटरी, आणि आज तिच्याबद्दलच बोलायचं आहे.

आपल्याकडे बांधलेल्या बऱ्याच गाड्यांमध्ये सीटखाली १५० एएचच्या (अँपिअर-तासांच्या) दोन ट्युब्युलर, म्हणजे लेड-ॲसिड प्रकारच्या, बॅटऱ्या आणि घरगुती इन्व्हर्टर बसवलेला असतो. बॅटऱ्या दमल्या की मालक दुकानात जातो, लिथियम मागतो, जुन्या काढून त्याच वायरांवर नव्या चढवतो. पुढे काहीतरी जळतं. बॅटरी क्वचित जळते. अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र) जातो, एखादा लग (वायरच्या टोकाला दाबलेला धातूचा जोड) वितळतो, नाहीतर नवी बॅटरी कधी पूर्ण भरतच नाही आणि दोष तिच्यावर येतो. म्हणून माझा आग्रह असा की या कामात बॅटरी सगळ्यात शेवटी बदला. तिला भरणारं आणि तिला आवरणारं जे काही आहे, ते आधी बदला.

त्याच्याही आधी, बॅटरी खरंच गेली आहे का ते बघा. रात्रभर काही न लावता ठेवलेली चांगली लेड-ॲसिड बॅटरी सकाळी १२.७ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे अर्धी. हायड्रोमीटरने, म्हणजे ॲसिडची घनता मोजणाऱ्या नळीने, सहाही सेल तपासा. पाच सारखे आणि एक ५० पॉइंटनी (०.०५०) खाली असेल तर तो सेल गेला, डिस्टिल्ड वॉटर ओतून परत येणार नाही. सगळे सारखे असतील तर पूर्ण चार्ज करून १५० एएचच्या एका बॅटरीवर साडेसात अँपिअरचा, म्हणजे साधारण ९० वॉटचा लोड लावा आणि १०.५ व्होल्टपर्यंत किती तास जाते ते मोजा. नवी वीस तासांच्या आसपास जाते. दहा-बारा तासांत बसली तर तिचे दिवस भरले. आणखी एक तपासणी दोन मिनिटांची आहे. इन्व्हर्टरवर मोठा लोड चालू असताना मीटर आधी बॅटरीच्या टर्मिनलवर लावा, मग इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर. दोन आकड्यांत ०.३ व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर गुन्हेगार वायर किंवा जोड आहे. किनाऱ्यावरच्या गाड्यांमध्ये हे फार आढळतं, आणि चांगली बॅटरी उगाच भंगारात जाते.

आता किती मोठी बॅटरी घ्यायची? त्यासाठी वापर मांडून बघा. १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रीज चालताना ४५ वॉट घेतो असं धरा. मे महिन्यात मालवणला तो निम्मा वेळ तरी चालूच असतो, म्हणजे दिवसाला ५४० वॉट-तास. ३० वॉटचे दोन पंखे दहा तास, ६००. दिवे १००, पंप ३०, मोबाइल-लॅपटॉप २००. बेरीज १४७०. भागिले १२.८ केलं की ११५ अँपिअर-तास झाले. हा एका दिवसाचा खर्च. कोकणात पंखा बंद ठेवून झोपता येत नाही, त्यामुळे थंड प्रदेशातल्या गाड्यांचे आकडे इथे लावू नका. जुलैत दोन-दोन दिवस ऊन दिसत नाही, तेव्हा दोन दिवसांचे २३० धरा. लिथियम बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत बिनधास्त वापरता येते, म्हणून २९० लागतात, म्हणजे ३०० एएच घ्या. लेड-ॲसिड निम्मीच वापरायची असते, त्यामुळे त्याच कामाला ४६० एएच लागतील. १५० एएचची एक ट्युब्युलर पन्नास-साठ किलोची, अशा तीन, म्हणजे सीटखाली दीडशे किलोंच्या वर वजन. ३०० एएचची लिथियम पस्तीस किलोंच्या आत बसते. एसी मात्र या हिशेबात धरू नका. रात्रभर एक टनाचा एसी चालवायचा तर त्याला एकट्यालाच पाच युनिटच्या आसपास वीज लागते. त्यासाठी मुक्कामाच्या जागची लाइनच घ्यावी.

लिथियम म्हणताना मी फक्त लिथियम आयर्न फॉस्फेट म्हणतोय. इलेक्ट्रिक स्कूटरमधून काढलेले जुने पॅक स्वस्तात मिळतात. त्यांतले बरेच दुसऱ्या रसायनाचे असतात, व्होल्टेज जुळत नाही आणि तापले तर आवरत नाहीत. झोपायच्या जागेखाली ते नकोतच. स्थानिक माणसाकडून बांधून घेत असाल तर दोन गोष्टी लेखी मागा: कपॅसिटी टेस्टचा आकडा आणि बीएमएस (सेलवर नजर ठेवून गरज पडली तर बॅटरी तोडणारं आतलं सर्किट) सलग किती अँपिअर देऊ शकतो तो आकडा. वजनही करून बघा. १०० एएचची फॉस्फेट बॅटरी दहा किलोंच्या पुढे जाते, सात किलोंची असेल तर आत १०० एएच नाहीत. थंडीसाठी आत हीटर असलेल्या बॅटऱ्या येतात. शून्याखाली या बॅटऱ्या चार्ज करू नयेत हे खरं, पण वेंगुर्ल्याला तो प्रश्नच नाही. त्याचे पैसे देऊ नका.

आता भरण्याच्या तीन वाटा बघू. पहिली अल्टरनेटरची. लेड-ॲसिड बॅटरी भरत आली की आपोआप कमी करंट घेते. फॉस्फेट बॅटरी शेवटपर्यंत जेवढा मिळेल तेवढा ओढते. महामार्गावर वेगात हे एकवेळ चालून जातं. पण दाभोळ-धोपावेच्या जेटीवर फेरीबोटीची वाट बघत इंजिन आयडलवर आहे, अल्टरनेटरचा पंखा हळू फिरतोय आणि मागणी पूर्ण आहे, अशा वेळी वाइंडिंग तापून जातं. त्यातच बॅटरी भरली आणि बीएमएसने झटकन तोडलं, तर उसळलेल्या व्होल्टेजने अल्टरनेटरचे डायोड उडतात. म्हणून दोन बॅटऱ्यांना थेट जोडणारा रिले (आपोआप चालणारा स्विच) काढून टाका आणि मध्ये ३० अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर बसवा, तो ठरलेल्या मर्यादेतच करंट ओढतो. बऱ्याच बीएस-सहा गाड्यांचा अल्टरनेटर स्वतःच व्होल्टेज कमी-जास्त करतो, तिथे तर रिलेवर भरवसा ठेवता येत नाही. हा चार्जर इनपुटला ४० अँपिअरपर्यंत ओढतो. अंतर पाच मीटर असेल तर १६ स्क्वेअर एमएमची वायर घ्या आणि वायरच्या दोन्ही टोकांना ६० अँपिअरचा फ्यूज लावा. दोन्ही टोकांना बॅटरी आहे, म्हणून फ्यूजही दोन. हे बहुतेक जण विसरतात. चार तास गाडी चालली की १२० अँपिअर-तास आत येतात, म्हणजे दिवसाचा खर्च वसूल.

दुसरी वाट सोलरची. पॅनेलची वीज बॅटरीला देणारा कंट्रोलर ट्युब्युलरवर सेट असतो, तो लिथियमवर आणा. ॲब्सॉर्प्शन (भरण्याचा शेवटचा टप्पा) १४.२ व्होल्ट, फ्लोट (भरल्यावर टिकवून ठेवण्याचा) १३.५, इक्वलायझेशन (मुद्दाम जास्त व्होल्टेज देणं) बंद. आणि टेम्परेचर कॉम्पेन्सेशन बंद करायला विसरू नका. लेड-ॲसिडसाठी कंट्रोलर उष्णता वाढेल तसं व्होल्टेज उतरवतो. आपल्याकडच्या उन्हात ते इतकं उतरतं की फॉस्फेट बॅटरी पूर्ण भरत नाही. पॅनेलबाबतही एक सांगतो. सुरूच्या बनात गाडी लावली की अर्धवट सावली पडते, आणि सीरिजमधल्या एका पॅनेलवर पडलेली सावली बाकीच्यांचीही वीज ओढून नेते. माडाखाली तर गाडी लावूच नका, नारळ किंवा झावळी पडली की काच गेली.

तिसरी वाट लाइनच्या चार्जरची. घरगुती इन्व्हर्टरचा चार्जर ट्युब्युलर मोडमध्ये फॉस्फेटला झेपेल त्यापेक्षा वर जाऊ शकतो. लिथियमचं सेटिंग नसेल तर तो चार्जर बंद ठेवा आणि वेगळा १४.४ व्होल्टचा घ्या. गावात संध्याकाळी लाइन १७० व्होल्टवर येते, तेव्हा कमी व्होल्टेजवरही चालणारा बघून घ्या. जांभ्याच्या कातळावर अर्थिंग नीट होत नाही, म्हणून गाडीच्या इनलेटलाच ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच, असायलाच हवा.

आता वायरा आणि जोड. इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण खारं वारं पहिलं इथेच शिरतं. जुन्या गाडीतली बॅटरीची वायर घ्या आणि लगपासून दोन इंच साल काढा. तांबं लाल निघालं तर ठीक. काळं-हिरवं निघालं तर दमट हवा तारांच्या आतून चढत गेली आहे. पुढे आणखी कापून उपयोग नाही, ती वायर अख्खी बदला. नवी घेताना एक तार चाकूने खरवडून बघा. आत पांढरी निघाली तर ती तांबं चढवलेली ॲल्युमिनिअमची आहे, परत करा. शक्य असेल तर कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची वायर घ्या. १५०० वॉटच्या इन्व्हर्टरला १४० अँपिअर लागतात. त्याला ५० स्क्वेअर एमएमची वायर, एका बाजूने एक मीटरच्या आत, आणि २०० अँपिअरचा फ्यूज. फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात हवा. तो टी क्लासचा घ्या. शॉर्ट झाला तर फॉस्फेट बॅटरी हजारो अँपिअर सोडते. साध्या मेगा फ्यूजची तोडण्याची ताकद दोन हजारांच्या आसपास, त्यापुढे आतली तार वितळूनही मधून ठिणगी चालूच राहते.

लग हायड्रॉलिक क्रिम्परनेच दाबा. हातोड्याने चेपलेला लग दिसायला घट्ट, पण आत पोकळ राहतो. सोल्डर करू नका. ते वायरमध्ये चढून ती ताठ करतं आणि खड्ड्यांच्या हादऱ्यांनी नेमकी तिथेच तुटते. वरून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह चढवा. गरम केल्यावर दोन्ही टोकांना गोंदाची बारीक कड बाहेर आली पाहिजे, तरच आत हवा जाणार नाही. लग थेट टर्मिनलच्या सपाट भागावर बसवा, वॉशर त्याच्या वर. स्टेनलेसचा वॉशर मध्ये घातला तर तोच हीटर होतो. लग वितळण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण. टॉर्क (बोल्ट आवळण्याचा जोर) बॅटरीवर छापलेला असतो, तेवढाच द्या. जोड आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावा. आवळण्याआधी मध्ये लावू नका.

दोन-तीन बॅटऱ्या पॅरलल (प्लसला प्लस, मायनसला मायनस) लावायच्या असतील तर आधी प्रत्येक वेगवेगळी पूर्ण भरा. व्होल्टेज ०.१ च्या आत जुळलं की मगच जोडा, नाहीतर भरलेली रिकामीत ओतते. जोडण्या एकाच लांबीच्या ठेवा. प्लस पहिल्या बॅटरीवरून घ्या, मायनस शेवटच्या.

जागा गाडीच्या आतच असावी, चॅसिसखाली नको. पावसात सखल रस्त्यांवर पाणी साचतं, शिवाय चाकांचं खारट पाणी वर उडतं. इंजिनजवळ किंवा गॅस सिलिंडरच्या कप्प्यातही नको. चारी बाजूंनी दोन बोटं हवा ठेवा. उन्हात बंद उभ्या गाडीत आतलं तापमान फार चढतं आणि ४५ अंशांच्या वर बॅटरीचं आयुष्य भराभर घटतं. बॅटरी गाडीच्या तळाला पट्ट्याने जखडा, आंबा घाटात करकचून ब्रेक लागला तर ती पुढे येता कामा नये.

प्रत्यक्ष बदलायच्या दिवशी क्रम असा. हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढा, पान्याच्या मुठीला टेप गुंडाळा. लाइन काढा, इन्व्हर्टर आणि सगळे लोड बंद करा. मग आधी सोलर पॅनेल तोडा, नंतर कंट्रोलरची बॅटरीकडची बाजू. उलटं केलं तर कंट्रोलर जाऊ शकतो. त्यानंतर बॅटरीचा मायनस आणि शेवटी प्लस. ट्युब्युलर उचलताना सरळ धरा, दोघांनी धरा. खालच्या ट्रेवर सांडलेल्या ॲसिडवर खायचा सोडा पाण्यात कालवून ओता. फेस थांबेपर्यंत ओता, मग धुऊन सुकवा. पत्रा गंजला असेल तर आत्ताच रंगवा, पुन्हा ही जागा उघडी होणार नाही.

जोडताना प्लस आधी, मायनस शेवटी. मायनसवर आधी शंट (बॅटरीत येणारा-जाणारा करंट मोजणारा मॉनिटरचा भाग) बसवा आणि गाडीतला प्रत्येक मायनस शंटच्या पलीकडे न्या. एकही वायर थेट बॅटरीला राहिली तर मॉनिटरचा आकडा खोटा. फॉस्फेटचं व्होल्टेज ७० टक्क्यांनाही १३.२-१३.३ च्या आसपास आणि ५० टक्क्यांनाही जवळपास तेवढंच, त्यामुळे नुसत्या व्होल्टमीटरवर काही कळत नाही. इन्व्हर्टरची वायर जोडताना मोठी ठिणगी उडते, कारण आतले कपॅसिटर रिकामे असतात. १२ व्होल्टचा २१ वॉटचा बल्ब मध्ये धरून काही सेकंद भरू द्या, तो विझला की पक्कं जोडा. इन्व्हर्टरचा लो-कट (ज्या व्होल्टेजला तो स्वतः बंद होतो तो आकडा) १०.५ वरून १२ व्होल्टच्या जवळ आणा. कंट्रोलरला आधी बॅटरी, मग पॅनेल.

पहिलं चार्जिंग शंभर टक्क्यांपर्यंत करा आणि मॉनिटर तिथे १०० टक्क्यांवर सेट करून घ्या. मग इन्व्हर्टरवर अर्धा तास पूर्ण लोड द्या आणि एकेका जोडाला इन्फ्रारेड थर्मामीटर दाखवा. सगळे ४५ अंशांवर आणि एक ७० वर असेल, तर तो उघडून पुन्हा करा. पहिल्या खराब रस्त्यानंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासा.

जुन्या बॅटऱ्या नव्या देणाऱ्या दुकानालाच परत द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार त्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे, शिवाय शिशाला वजनावर पैसे मिळतात. ॲसिड ओतून हलक्या करून देऊ नका, ते विहिरीत उतरतं.

पावसाळ्यात गाडी घरी उभी राहणार असेल तर ट्युब्युलरप्रमाणे पूर्ण भरून फ्लोटवर ठेवू नका. ५०-६० टक्क्यांवर आणा आणि मेन स्विच बंद करा. स्विच चालू राहिला तर मॉनिटर, गॅसचा अलार्म, स्टीरिओ मिळून ०.२ अँपिअर ओढतात. ते दिवसाला पाच अँपिअर-तास होतात, आणि ३०० एएचची अर्धी बॅटरी महिन्याभरात तळाला जाते. मग बीएमएस तोडतो आणि मीटरवर शून्य दिसतं. ती मेली असं समजून टाकू नका. लिथियम जागी करण्याची सोय असलेला चार्जर लावा आणि कमी करंटवर सुरू करा. तासाभरात व्होल्टेज १२.८ च्या वर स्थिर झालं तर बहुधा बॅटरी ठीक आहे. नाही झालं तर सेल एकेक मोजावे लागतील, आणि २ व्होल्टच्या खाली गेलेला सेल पुन्हा वापरू नये.