हौद्यावरून पडलेली नावं

(दृश्य: पहाटेचा अंधार. एक हात खिट्टी काढतो. फाळका धाडकन खाली पडतो.)

पुढे दोघा-तिघांपुरती केबिन, मागे उघडा हौदा. कागदोपत्री हिला पिकअप म्हणायचं. पण जिथे माल चढतो-उतरतो, तिथे कागदावरचं नाव कोण घेतो? आणि गंमत अशी, की लोक नाव ठेवताना इंजिनाकडे बघतच नाहीत. बघतात मागच्या रिकाम्या जागेकडे.

दक्षिण आफ्रिकेत हिला म्हणतात ‘बकी’. बक म्हटल्यावर आपल्याला गाडीभर अन्न फस्त करणारा बकासुर आठवेल, पण इथला ‘बक’ आफ्रिकान्स भाषेतला. बक म्हणजे टबासारखं खोलगट भांडं. त्याला ‘ई’ जोडलं की ते लहान होतं, आपल्याकडे घराचं घरकुल होतं तसं. तिथल्या स्वयंपाकघरात उरलंसुरलं ठेवायचा प्लास्टिकचा डबाही बकीच. म्हणजे जेवणाची बकी फ्रिजमध्ये आणि मेंढ्यांची बकी दारात!

हा शब्द मूळचा डच. डचांबरोबर तो इंडोनेशियातही गेला. तिथे पिकअप म्हणजे ‘मोबिल बक’, आणि न्हाणीघरातलं पाण्याचं टाकं म्हणजे ‘बक मांडी’. टाकं आणि गाडी, शब्द एकच.

आता आपल्याकडे या. टेम्पोच्या मागच्या भागाला कुणी हौद म्हणतं, कुणी हौदा. दोन्ही शब्द अरबीतून आलेले, पण वेगवेगळे. हौद पाण्याचा, हौदा म्हणजे उंटाच्या, पुढे हत्तीच्या पाठीवरची बैठक. हमालाला या फरकाशी काय देणंघेणं? त्याला पोती रचायची असतात.

थायलंडमध्येही तेच. ‘क्रबा’ म्हणजे तबक, आणि पिकअप म्हणजे ‘रोत क्रबा’, तबकाची गाडी. त्याच तबकात समोरासमोर दोन बाकं टाकून माणसं बसवली की ती होते ‘सोंगथेव’. अर्थ सरळ आहे: दोन रांगा.

(दृश्य: धुळीचा रस्ता, दूरवर कुंपण.)

ऑस्ट्रेलियाचा ‘यूट’ मात्र या रांगेत बसत नाही. सांगतात ते असं, की १९३२ मध्ये व्हिक्टोरिया राज्यातल्या एका शेतकऱ्याच्या बायकोनं फोर्ड कंपनीला पत्र लिहिलं. रविवारी चर्चला जाता येईल आणि सोमवारी डुकरं बाजारात नेता येतील, अशी एकच गाडी द्या. दोन गाड्या परवडत नव्हत्या, दुसरं काय! लू बँट या तरुण आरेखकानं पुढून मोटार आणि मागून मालवाहू अशी गाडी आखली, आणि १९३४ मध्ये ती जिलाँगच्या कारखान्यातून बाहेर पडली. नाव भारदस्त होतं, ‘कूपे युटिलिटी’. लोकांनी त्यातला ‘यूट’ तेवढा ठेवला.

जपानची ‘केई-तोरा’ही अशीच छाटलेली. केई म्हणजे हलका, तोरा म्हणजे ट्रकचं अर्धं नाव. लांबी ३.४ मीटरच्या आत, इंजिन ६६० सीसीपर्यंत. जपानीत वाघालाही तोराच म्हणतात, पण इथे वाघ नाही.

हत्ती आहे तो आपल्याकडे.

(दृश्य: बाजार समितीचं फाटक. एकामागे एक छोट्या गाड्या.)

त्याआधी टेम्पोचं सांगायला हवं. टेम्पो हे जर्मनीतल्या एका कंपनीच्या गाड्यांचं नाव. पुण्याच्या बजाज टेम्पोनं १९५८ पासून त्या धर्तीच्या तीनचाकी गाड्या इथे आणल्या, आणि पुढे कुठल्याही कंपनीची छोटी मालगाडी टेम्पोच झाली. २००५ मध्ये कंपनीनं नाव बदलून फोर्स मोटर्स केलं. लोकांनी टेम्पो सोडला नाही.

त्याच वर्षी टाटांची एस आली. चार चाकं, दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन, क्षमता पाऊण टनाची. एवढीशी गाडी बोळातही शिरते आणि वाहते मात्र बरंच, म्हणून ती झाली ‘छोटा हत्ती’. माझ्या मते या सगळ्या नावांत हेच अव्वल. हत्ती म्हटला की पाठीवर हौदा आलाच, आणि तो तर आधीपासूनच होता.

चालकाला विचारा, केवढा माल बसेल? तो आकडा सांगत नाही. आधी तुमच्या ढिगाकडे बघतो, मग हौद्याकडे.

‘बसवू की!’

(फाळका बंद. खिट्टी लागते.)