नळ्याही औषध पितात

(दृश्य: सूत रंगवण्याचा कारखाना, पहाट)

सोलापूरचा पूर्व भाग. उजाडायच्या आत भट्टी पेटलेली असते. पांढऱ्या सुताच्या लडी उकळत्या रंगात बुडतात आणि बघता बघता हौदातलं पाणी फिकं पडतं. रंग सुतानं प्यायलेला असतो. सोलापुरी चादरीवरचा लाल रंग तो हाच.

(दृश्य: बालकांचा अतिदक्षता विभाग, पारदर्शक नळ्यांतून वाहणारं रक्त)

याच कारखान्यात राबणाऱ्या एका बापाचं तान्हं बाळ इथं एक्मोवर, म्हणजे हृदय-फुप्फुसांचं काम अंगाबाहेर करणाऱ्या यंत्रावर आहे, असं धरून चला. हृदय थकलंय. रक्त नळीतून बाहेर येतं, पंप ते ऑक्सिजनेटरमधून, म्हणजे रक्तात प्राणवायू मिसळणाऱ्या भागातून, ढकलतो आणि पुन्हा अंगात सोडतो. 1975 साली कॅलिफोर्नियात डॉ. रॉबर्ट बार्टलेट यांनी एक नवजात मुलगी या यंत्राच्या आधारावर वाचवली. तेव्हापासून हे यंत्र कितीतरी लेकरांचा श्वास झालं आहे.

पण औषध किती द्यायचं, हा प्रश्न यंत्र सोडवत नाही. उलट अवघड करतं.

तीन किलोच्या बाळाच्या अंगात रक्त असतं साधारण 250 मिलीलीटर. मोठा पेलाभर. यंत्राच्या नळ्या भरायला जवळपास तेवढंच लागतं, कधी जास्तही. म्हणजे वजनावरून काढलेला डोस आता दुप्पट रक्तात पातळ होतो. त्यातून प्लॅस्टिकच्या नळ्या आणि ऑक्सिजनेटर स्वतःच औषध धरून ठेवतात. वेदना शमवणारं फेंटानिल चरबीत विरघळणारं; प्रयोगशाळेत नुसत्या यंत्रातून फिरवलं, तर 24 तासांत त्यातलं बहुतेक नळ्यांना चिकटून बसतं. मॉर्फिन त्या मानानं पुष्कळ टिकतं. बाळ कण्हतंय, डोस तर पुरेसा लिहिलाय, अशा वेळी नळ्यांकडे बघायला हवं.

मग सरसकट वाढवून द्यावं का? नाही. भिजलेल्या नळ्या धरलेलं औषध पुन्हा रक्तात सोडू शकतात. शिवाय आजारी बाळाचे मूत्रपिंड अनेकदा मंदावलेले असतात. व्हँकोमायसिनसारखं प्रतिजैविक लघवीवाटे जातं. ते हळू जात असेल, तर पुढचा डोस लांबवावा लागतो. म्हणून रक्तातली पातळी मोजतात. अन् मोजायला पुन्हा रक्तच काढायचं, तेही त्या पेलाभरातलंच. एक मिलीलीटरसुद्धा इथं जपून काढतात. मोठ्यांच्या तक्त्यावरून बाळाचा डोस ओढूनताणून काढणं मला म्हणूनच धोक्याचं वाटतं.

(दृश्य: परिचारिका सिरिंज पंपाचा आकडा बदलते)

रक्ताची गुठळी झाल्यानं काल यंत्राचं सर्किट, म्हणजे नळ्या आणि ऑक्सिजनेटर, बदललं. रात्रभर शांत असलेलं बाळ आज हातपाय झाडतंय. वडील काचेपाशी उभे.

"काल एवढं नव्हतं हो, सिस्टर. आज औषध वाढवलं का?"

"डॉक्टरांनीच वाढवायला सांगितलंय. नळ्या नव्या आहेत, दादा. आधी त्याच पितात."

वडील त्या नळ्यांकडे बघत राहतात.

"कोऱ्या सुतासारखं," ते म्हणतात.